उणे एकोणीसचा साक्षीदार

१

शनिवारी सकाळी आठ वाजता सिस्टरनी मिल्क बँकेचा फ्रीझर उघडून पहिली बाटली उचलली. ती दगडासारखी घट्ट लागायला हवी होती. आतलं दूध डुचमळलं.

दुसरी उचलली, तिसरी उचलली, खालच्या कप्प्यात हात घातला, अगदी मागची ओढून काढली. सगळीकडे तीच गत. एकूण ब्याऐंशी बाटल्या. आपल्या लेकराचं पोट भरून उरलेलं दूध कुठल्या कुठल्या आयांनी दुसऱ्यांच्या लेकरांसाठी दिलं होतं. ती लेकरं महिना-दीड महिना आधीच जगात आलेली, मुठीएवढी, काचेच्या पेटीत झोपलेली. असं वितळून राहिलेलं दूध त्यांना पाजता येत नाही. सगळं ओतून टाकावं लागलं.

दुसऱ्या एका रुग्णालयानं दुपारपर्यंत दूध पाठवलं म्हणून बाळांचं निभावलं. मग खापर फोडायला कुणाचातरी माथा हवा होता, तो रविवार मावळायच्या आत सापडला. मिल्क बँकेत अकरा वर्षं झाडलोट करणाऱ्या, बाटल्या उकळणाऱ्या आणि नोंदवही लिहिणाऱ्या मावशींचा.

सोमवारी दहाच्या सुमारास अधीक्षकांनी पिंगताईला बोलावून घेतलं.

तिचं खरं नाव रुग्णालयात कुणाच्याच लक्षात नव्हतं. दोन वर्षांपूर्वी ती इथल्या संगणकांचं जाळं जोडायला आली होती. कुठलंही यंत्र मुकं झालं की ती म्हणायची, ‘थांबा, पिंग करून बघते.’ म्हणजे इथून त्याला हाक मारायची. त्यानं ओ दिली की ते जिवंत. वॉर्डातल्या बायकांनी त्यावरून तिचं नाव पाडून टाकलं. आता तिला आठ महिन्यांची मुलगी होती, आणि मुलीला सासूबाईंपाशी ठेवून ती अडल्या-नडल्यालाच येत असे.

“काम पाच मिनिटांचं आहे,” अधीक्षक म्हणाले. “मिल्क बँकेतलं तुमचं ते छोटं यंत्र नीट चालतंय, एवढं लिहून सही करा. चार वाजता समिती बसतेय. मावशींना काढायचं की ठेवायचं ते ठरेल. म्हणजे ठरलंय तसं, कागद तेवढा पुरा व्हायचाय.”

छोटं यंत्र म्हणजे पत्त्यांच्या कॅटाएवढा एक संगणक. एकाच हिरव्या पाटीवर सगळं बसवलेलं. ना पडदा, ना कळफलक. तो फ्रीझरच्या डोक्यावर डबीत पडून असायचा. त्याच्यापासून निघालेली एक बारीक तार फ्रीझरमध्ये जाऊन थंडी मोजायची. खाली कचेरीतला मोठा संगणक दर पाच मिनिटांनी त्याला विचारायचा, किती? तो सांगायचा, उणे वीस. मोठा संगणक ते टिपून ठेवायचा, आणि आकडा बिघडला तर बोंब ठोकायचा. हे सगळं पिंगताईनंच बसवलेलं.

अधीक्षकांनी एक छापील कागद पुढे सरकवला. “वाचा. शुक्रवारी दिवसभर मायनस एकोणीस. संध्याकाळी एकोणीस. शनिवारी सकाळी सातला एकोणीस. सातला मावशी आल्या, चावी त्यांच्याकडे. आठला सिस्टर आल्या तर दूध पातळ. मधल्या तासात फ्रीझर सताड उघडा टाकून बाई कुठंतरी गप्पा हाणत बसल्या, दुसरं काय? आणि वर ही हुशारी बघा.”

त्यांनी नोंदवही उघडली. मावशी रोज सकाळ-संध्याकाळ फ्रीझरच्या दारावरचा काटा बघून आकडा लिहीत. यंत्र आल्यावरही वही बंद झाली नव्हती. या रुग्णालयात कुठलीच गोष्ट एकेरी ठेवायची पद्धत नव्हती. सगळे आकडे काळ्या शाईत होते. शुक्रवार संध्याकाळ पाच, या ओळीतला एकच निळ्या शाईत: उणे अकरा.

“मागाहून घुसडलाय. आदल्या दिवसापासूनच बिघाड होता असं दाखवायला. शेंबडं पोर सांगेल.”

“मी आधी बघते. सही मग.”

“आता यंत्र काय खोटं बोलतं?”

“नाही बोलत,” पिंगताई म्हणाली. “म्हणून तर त्याला विचारून येते.”

२

मावशी मिल्क बँकेबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. समितीनं चारला बोलावलं होतं. त्या साडेनवालाच येऊन बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात.

“सही केलीत?” त्यांनी विचारलं.

“नाही अजून. मावशी, खरं सांगा, शनिवारी उघडा राहिला?”

“घरचं दार उघडं राहिलं असेल अकरा वर्षांत दोनदा. हे नाही.” त्या रागावल्या नव्हत्या. “सातला आले, फरशी पुसली, बाटल्या उकळत ठेवल्या. सकाळचा आकडा मी सव्वाआठला लिहिते. त्याआधीच सिस्टरांची हाक आली.”

“आणि शुक्रवारचा हा अकरा?”

“पाचला काटा बघितला. अकरावर. म्हटलं डोळे पाणावलेत, पदरानं चष्मा पुसून परत बघितला. तरी अकराच. सिस्टरांना जाऊन सांगितलं. त्या आल्या, बघितलं न बघितलं, आणि टेबलावरच्या पडद्याकडे गेल्या. तिथं कचेरीतल्या संगणकाचा आकडा, एकोणीस. म्हणाल्या, मावशी, काटा जुना झालाय आणि तुम्हीपण. चष्म्याचा नंबर तपासून घ्या.”

“मग वहीत एकोणीस का नाही लिहिलंत?”

मावशींनी तिच्याकडे नवलानं पाहिलं. “मला अकरा दिसलं ना.”

“आणि शाई निळी?”

“माझं पेन वाळलेलं. सिस्टरांनी त्यांचं दिलं.”

“त्या तर जबाबात म्हणतात, तुम्ही काही सांगितलंच नाही.”

“हो, असं म्हणतात खरं.” मावशींनी पिशवीचा बंद सारखा केला. “लेकरांना दूध मिळालं ना ताई बाहेरनं? पेटीतल्या पाचही जणांना?”

“मिळालं.”

“मग ठीक.”

पिंगताई उठली. बाळंतपणानंतर दूध काढून गोठवून ठेवणं हा तिच्याही घरचा रोजचा उद्योग होता. आपल्या घरच्या फ्रीझरमधली एक एवढीशी पिशवी ओट्यावर काढली तरी ती पुरती वितळायला तास-सव्वा तास घेते, हे तिला पाठ होतं. मुलगी त्या सव्वा तासात घर डोक्यावर घ्यायची. इथं ब्याऐंशी बाटल्या, एकमेकींना चिकटून, एकमेकींना गार ठेवत उभ्या. त्यातली अगदी मागचीसुद्धा आठ वाजता डुचमळते? एका तासात? दार सोडाच, भिंत काढून टाकली असती तरी ते व्हायचं नाही.

म्हणजे फ्रीझर आदल्या दिवसापासूनच गरम होत होता. असं दूध सांगत होतं, आणि मावशी सांगत होत्या. पलीकडे एकटं यंत्र. आणि यंत्राच्या बाजूनं, यंत्र बसवणारी म्हणून, ती स्वतः.

३

सिस्टर बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होत्या. वर बघितलं नाही.

“शुक्रवारी पाचला मावशी तुमच्याकडे आल्या होत्या?”

“इथं दिवसाला शंभर जण शंभर गोष्टी सांगतात.”

“त्यातली ही होती का?”

“मला आठवत नाही.”

शनिवारच्या जबाबात त्यांनी ‘नाही’ म्हटलं होतं. दोन दिवसांत त्याचं ‘आठवत नाही’ झालं होतं. पिंगताईनं ते ऐकलं आणि बाजूला ठेवलं.

“फ्रीझर आता तर चालतोय.”

“शनिवारी सगळं रिकामं केलं, बंद केला, दारं उघडी टाकली. मागच्या बाजूला बर्फाची ही एवढी लादी धरली होती, रविवारी सकाळपर्यंत वितळून गेली. पुसला, चालू केला, झाला गार. दुरुस्तीवाला म्हणतो, लादीत आतला पंखा अडकला असेल. पण लादी आता आहे कुठं? साहेब म्हणतात, चालतोय म्हणजे बिघडलाच नव्हता.”

“या खोलीत आणखी कोण येतं?”

“मी, मावशी. गुरुवारी जोडीभाऊ आले होते, सामानाची मोजदाद करायला. बास.” चिठ्ठी वाकडी चिकटली. त्यांनी ती सोलून काढली, पुन्हा लावली, पुन्हा वाकडी. “मला एकदा आधी लेखी समज मिळालीये, पिंगताई. दुसऱ्या वेळी काय होतं, ते तुम्हाला माहीत नसेल.”

जोडीभाऊ तिला जिन्यात भेटले. हे भांडारवाले. रुग्णालयात प्रत्येक वस्तूची जोडी असलीच पाहिजे, एक वापरात आणि एक कपाटात, हा जुना नियम ते देवाच्या आज्ञेसारखा पाळत. चावीची जोडी, वहीची जोडी, शिक्क्याची जोडी.

“भाऊ, गुरुवारी मिल्क बँकेत कशाला हात लावलात का? एखादी तार, एखादं बटण?”

“छे! मला तारांतलं ओ की ठो कळत नाही. मी वस्तू मोजतो, देतो, घेतो. एक बायको सोडली तर सगळ्याची जोडी आहे आपल्याकडे, आणि तिला कळलं तर तीही एक राहायची नाही.”

स्वतःच्याच विनोदावर हसत ते खाली उतरले. पिंगताई वर गेली.

४

डबी फ्रीझरच्या डोक्यावर जागच्या जागी होती. झाकण बंद, हिरवा दिवा लुकलुकत होता. थंडी मोजणारी तार दाराच्या रबरामधून आत गेलेली, कुठं तुटलेली नाही, कुणी ओढलेली नाही. भिंतीतून आलेली नेटवर्कची निळी केबल डबीत घट्ट बसलेली. पाहिलं तर सगळं आलबेल. दुसरी कुणी असती तर इथंच सही करून मोकळी झाली असती.

तिनं आपला लॅपटॉप उघडला, भिंतीतल्या दुसऱ्या खाचेत जोडला. जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता लागतो, गल्लीतल्या घराला लागतो तसा. या डबीला तिनं स्वतः पत्ता दिला होता, पन्नास नंबर. कुणी वाटेल त्या क्रमानं वाटलेला, रोज बदलणारा पत्ता नको, कारण कचेरीतला संगणक ज्या घराला हाक मारणार ते घर जागचं हलता कामा नये. म्हणून तिनं तो पत्ता डबीतल्या मेमरी कार्डावर कायमचा लिहून टाकला होता.

तिनं पन्नास नंबरला हाक मारली. ओ आली. दर सेकंदाला एक ओळ पडद्यावर उमटू लागली: उत्तर आलं, उत्तर आलं, उत्तर आलं.

“म्हणजे चालतंय ना?” दारातून सिस्टरांचा आवाज आला. त्यात सुटका होती की भीती, कळलं नाही.

“चालतंय.”

सही करायला आता काही हरकत नव्हती. तरी एक तपासणी राहिली होती, खरं म्हणजे तपासणी तरी कसली, हाताला लागलेली सवय. यंत्र वागत नसेल तर केबल काढायची, दहा आकडे मोजायचे, परत लावायची. तिनं हात वर करून डबीची निळी केबल उपसून काढली आणि हाका थांबल्या का ते बघायला पडद्याकडे पाहिलं.

उत्तर आलं.

उत्तर आलं.

उत्तर आलं.

केबलचं टोक तिच्या हातात लोंबकळत होतं. डबी आता जगापासून तुटली होती, तिला ऐकूही येत नव्हतं आणि बोलताही येत नव्हतं. आणि पन्नास नंबरच्या घरातून कुणीतरी न थांबता ओ देत होतं.

५

“हे कसं हो?” सिस्टर आत आल्या.

“पत्ता एक आहे आणि घरं दोन,” पिंगताई म्हणाली.

पत्ता माणसानं दिलेला असतो, तो बदलता येतो. पण त्याखेरीज प्रत्येक यंत्राला कारखान्यातूनच एक जन्मक्रमांक मिळतो, तो त्याच्या अंगावर चिकटवलेलाही असतो. डबीच्या पोटाला असलेल्या क्रमांकाचे शेवटचे आकडे होते सत्तेचाळीस. ओ देणाऱ्याचा क्रमांक तिनं लॅपटॉपवर काढून पाहिला. शेवटी बावन्न.

म्हणजे कचेरीतला संगणक दर पाच मिनिटांनी गल्लीत ओरडत होता, ‘पन्नास नंबर, तुझ्याकडे किती थंडी?’ आणि त्याच पाटीचं दुसरं घर पुढे होऊन आपल्याकडची थंडी सांगत होतं. खरी. पण आपल्याकडची.

ती कचेरीत गेली आणि अख्खी नोंद उघडली. अधीक्षकांचा छापील कागद शनिवारी सकाळी सातला संपत होता, कारण रोजचा कागद सात ते सात असाच छापला जायचा. पुढचं कुणी बघितलं नव्हतं. तिनं पुढचं बघितलं. शनिवारी आठ वाजता, सिस्टरांच्या हातात दूध डुचमळत होतं त्या मिनिटाला, नोंद म्हणत होती उणे एकोणीस. दुपारी फ्रीझर बंद, दारं उघडी, रविवारी सकाळी मावशींऐवजी आलेली बाई आतून फडकं मारतेय, तरी उणे एकोणीस. दोन दिवस हा आकडा सगळ्यांच्या नाकासमोर होता.

मग ती मागे मागे गेली. बुधवारपर्यंत आलेखाची रेघ सरळ होती. दिवसातून तीन-चारदा दार उघडलं की तेवढीच जराशी वर यायची. गुरुवारी दुपारपासून रेघेचा स्वभाव बदलला होता. सकाळी नऊ ते एक आणि दुपारी चार ते सात, दर चाळीस मिनिटांनी एक उंचवटा, घड्याळ लावल्यासारखा. रविवारी एकही नाही.

चाळीस मिनिटांनी कुणाला गारव्याची गरज पडते? स्वयंपाकघराला नाही; तिथं दार उघडतं तेव्हा उघडतं. रक्तपेढीला नाही, ती रविवारी मिटत नाही. इथं कुणीतरी चाळीस-चाळीस मिनिटांच्या वेळा वाटून माणसं तपासत होतं, प्रत्येकाला फ्रीझरमधलं काहीतरी काढून देत होतं, आणि रविवारी घरी बसत होतं.

पिंगताईला वर्षापूर्वीची स्वतःची कंबर आठवली. गरोदरपणात धरलेली. दुसऱ्या मजल्यावर पालथं झोपवून, कमरेवर बर्फाची पिशवी ठेवून एक बाई म्हणाली होती, ‘चाळीस मिनिटं आहेत आपल्याकडे, सावकाश.’

ती जिने चढून गेली. व्यायामोपचाराच्या, म्हणजे फिजिओथेरपीच्या, खोलीत एक आजोबा गुडघ्यावर बर्फ घेऊन डोळे मिटून पडले होते. कोपऱ्यात छोटा फ्रीझर. त्याच्या डोक्यावर एक डबी, मिल्क बँकेतल्या डबीची सख्खी जुळी बहीण. हिरवा दिवा लुकलुकत होता.

६

“छान आहे ना?” व्यायामोपचारवाल्या बाई म्हणाल्या. “मी महिनाभर भांडाराच्या मागे लागले होते. बर्फ नीट धरलाय का, ते कळत नाही म्हणून. गुरुवारी मिळाली. पण आकडा कुठं बघायचा ते कुणी सांगितलंच नाही.”

जोडीभाऊंना बोलावून घेतलं. ते डबीकडे, मग पिंगताईकडे, मग परत डबीकडे बघायला लागले.

“कपाटातली जोडीतली दुसरी,” ते म्हणाले. “यांचा अर्ज आला, मंजूर झाला, दिली. रीतसर. ताई, तुम्हीच म्हणाला होतात की, भाऊ, ही नुसती लावली की चालू, काही करावं लागत नाही.”

म्हणाली होती. नववा महिना चालू होता, पाय सुजले होते, आणि जोडीभाऊ तिच्या मागे लागले होते की जोडी दिल्याशिवाय कपाटाची यादी पुरी होत नाही. तिनं त्या दिवशी मिल्क बँकेच्या डबीतलं मेमरी कार्ड काढून जसंच्या तसं दुसऱ्या कार्डावर उतरवलं होतं. पहिली डबी मेली तर तिच्या जागी ही लावायची, म्हणजे आपण बाळंतपणात असलो तरी कुणाला फोन करावा लागणार नाही. नाव तेच, पत्ता तोच. ‘पहिली काढल्याशिवाय ही लावू नका’ हे पाच शब्द तिनं डबीवर लिहिले नव्हते. पुढच्या आठवड्यात लिहू असं ठरवलं होतं, आणि पुढच्या आठवड्यात मुलगी झाली.

“बरोबर आहे भाऊ,” ती म्हणाली. “मीच म्हणाले होते.”

पावणेचार वाजत आले होते. दुसरी डबी तिनं बंद केली. आता एक साक्षीदार राहिला होता, ज्याला दोन दिवसांत कुणी काही विचारलंच नव्हतं.

मिल्क बँकेत येऊन तिनं पहिल्या डबीला टेबलावरचा पडदा आणि कळफलक थेट जोडले. जाळ्यातून कुणी विचारो न विचारो, डबी स्वतःपुरती थंडी मोजतच राहते आणि आपल्या कार्डावर टिपून ठेवते. तिनं शुक्रवार काढला.

पहाटेपासून रेघ चढत होती. दुपारी बाराला उणे पंधरा. तीनला तेरा. पाचला उणे अकरा पूर्णांक दोन. शनिवारी आठ वाजता अधिक तीन.

सिस्टर मागून वाचत होत्या. त्यांचा श्वास पिंगताईच्या खांद्याला लागत होता.

“काटा जुना झालेला नव्हता तर,” त्या म्हणाल्या, आणि लगेच बाहेर निघून गेल्या.

७

समिती म्हणजे अधीक्षक, दोन डॉक्टर आणि मान डोलावणारे एक गृहस्थ. पिंगताईनं सगळं सांगितलं, सोप्या शब्दांत, डबी मध्ये ठेवून. बर्फात अडकलेला पंखा, एका पत्त्यावरची दोन घरं, आजोबांच्या गुडघ्याची थंडी दुधाच्या नावावर. जोडीभाऊंचं नाव आलं तेव्हा ते उठून उभे राहिले.

“यांनी नियमानं वस्तू दिली,” ती म्हणाली. “चूक माझी. मी एकाच पत्त्याच्या दोन डब्या करून कपाटात ठेवल्या आणि त्यावर काही लिहिलं नाही. तुमच्या कागदावर सही हवी होती ना साहेब? याच्याखाली करते.”

अधीक्षकांनी चष्मा काढला, लावला. “म्हणजे वहीतला अकरा खरा.”

“अगदी दशांशापर्यंत.”

“ठीक. उघडा ठेवला नाही, आकडा खोटा लिहिला नाही, मान्य.” ते मावशींकडे वळले. “पण बाई, पाच वाजता अकरा दिसलं आणि तुम्ही नुसतं लिहून घरी गेलात? त्या वेळी कुणाला सांगितलं असतं तर दूध दुसऱ्या फ्रीझरमध्ये हलवता आलं असतं. ब्याऐंशीच्या ब्याऐंशी वाचल्या असत्या. यात दोष तुमचाच राहतो. कामावरून काढायला एवढं पुरे आहे.”

मावशींचे दोन्ही हात पिशवीवरच राहिले. जे होतं ते त्यांनी शनिवारी सांगून टाकलं होतं. तेच पुन्हा सांगणं त्यांना भीक मागितल्यासारखं वाटत असावं. पिंगताईनं डबीकडे पाहिलं. डबीत आकडे होते. कोण कुणाशी काय बोललं ते कुठल्याच कार्डावर उतरत नाही.

ती म्हणाली, “साहेब, पडद्यावर एकोणीस असताना काट्यावर कुणी विश्वास ठेवला असता? मी ठेवला नसता. यंत्र माझं होतं, तरी आज सकाळी मी सही करायच्या बेतात होते.” हे ती अधीक्षकांना सांगत होती, पण तिची पाठ त्यांच्याकडे होती आणि तोंड सिस्टरांकडे.

भिंतीशी उभ्या सिस्टर पुढे आल्या.

“मावशींनी सांगितलं होतं,” त्या म्हणाल्या. “मला. शुक्रवारी, पाच वाजता. मी पडदा बघितला आणि त्यांना चष्म्याचा नंबर तपासायला सांगितलं. निळं पेन माझं आहे. शनिवारी तुम्ही विचारलंत तेव्हा मला आधीची समज आठवली, आणि मी नाही म्हटलं. एकदा नाही म्हटल्यावर मग...”

अधीक्षकांनी कागदांच्या कडा जुळवल्या. मग म्हणाले, “सिस्टर, तुमचं आपण वेगळं बघू. लेखी द्या.” आणि मावशींना, जरा मोठ्यानं, “मावशी, उद्यापासून या. झालं ते विसरून जा.”

मावशी उठल्या. दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या, सिस्टरांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

“तुमचा फोन आहे जवळ?”

“आहे.”

“माझ्या सुनेला लावा. नंबर मी सांगते.” त्यांनी पिशवी काखेत मारली. “तिचं पोरही इथल्याच पेटीत वाढलंय, याच दुधावर. दोन दिवस झाले, ती माझ्याशी बोलत नाही. काल म्हणाली, आई, खरं सांगा, लेकरांचं दूध होतं हो ते. मी सांगितलं तर म्हणते, यंत्र कसं खोटं बोलेल? साहेबांनी बोलावलं काय, नाही काय, मला त्याचं काही नाही. तिला तुम्ही सांगा.”

सिस्टरनी फोन काढला. मावशींनी एक एक आकडा सांगितला, त्यांनी एक एक दाबला. खोलीतून कुणी हललं नाही; मान डोलावणारे गृहस्थही थांबले होते. पलीकडे घंटी वाजत राहिली, मग एका तरुण बाईचा आवाज आला, मागे एक बाळ काहीतरी बडबडत होतं.

“मी मिल्क बँकेतली सिस्टर बोलतेय,” त्या म्हणाल्या. “तुमच्या सासूबाईंबद्दल सांगायचंय. नाही, नाही, त्या बऱ्या आहेत. इथं माझ्याशेजारी उभ्या आहेत. तुम्ही बसा आधी. मी सगळं पहिल्यापासून सांगते.”